३२ मते आणि विजयालक्ष्मी पंडित

नाशिकच्या कॉलेज रोड आणि गंगापूर रोड परिसरातल्या अभ्यासिकांत राज्यसेवा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलामुलींच्या वह्यांमध्ये एक ओळ हमखास सापडते : संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेच्या पहिल्या महिला अध्यक्ष – विजयालक्ष्मी पंडित, १९५३. ओळ बरोबर आहे आणि परीक्षेत तिला गुणही मिळतात. पण आमसभेचा अध्यक्ष म्हणजे नेमके कोण, त्याला अधिकार काय असतात, त्या पदावर माणूस निवडून कसा येतो आणि स्वातंत्र्य मिळून जेमतेम सहा वर्षे झालेल्या देशातील एका स्त्रीला ते पद का मिळाले, यांपैकी काहीही त्या ओळीतून कळत नाही. माझ्या मते तर त्यांच्या कारकिर्दीतला सर्वांत मोठा पराक्रम १९५३ चा नाहीच. तो त्याआधी सात वर्षांचा, भारतावर अजून ब्रिटिशांची सत्ता असतानाचा आहे, आणि तो समजण्यासाठी मतदानाचा एक छोटा हिशेब मांडावा लागतो.

आधी संस्थेची रचना पाहू. १९४५ साली स्थापन झालेल्या संयुक्त राष्ट्रसंघात सुरक्षा परिषद आणि आमसभा ही दोन अंगे राजकारणाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची. सुरक्षा परिषदेत पाच कायम सदस्य आहेत, त्यांना नकाराधिकार आहे आणि परिषदेचे निर्णय सदस्य देशांवर बंधनकारक असतात. आमसभेत मात्र प्रत्येक सदस्य देशाला एकच मत असते. कोट्यवधी लोकसंख्येचा भारत आणि चिमुकला लक्झेंबर्ग तेथे समान असतात, आणि कोणाच्याही एका नकाराने ठराव अडत नाही. याची दुसरी बाजू अशी, की आमसभेचे ठराव बहुतांशी शिफारशीच्या स्वरूपाचे असतात. आमसभा सैन्य पाठवू शकत नाही, दंड करू शकत नाही. तरीही ज्यांच्याजवळ सैन्य नाही, पैसा नाही, अशा देशांना आपले गाऱ्हाणे जगापुढे मांडून त्यावर मतमोजणी घडवून आणण्याची हीच एक जागा होती, आणि १९४६ साली भारताने नेमके तेच करायचे ठरवले.

गाऱ्हाणे दक्षिण आफ्रिकेचे होते. १८६० पासून नाताळ प्रांतातील उसाच्या मळ्यांवर भारतातून करारबद्ध मजूर नेले गेले होते. त्यांच्या मागोमाग व्यापारीही गेले. गांधीजींचा तेथला लढा सर्वांना माहीत आहे, परंतु ते १९१४ साली तेथून निघाल्यानंतर प्रश्न मिटला असे झाले नाही. १९२७ साली भारत सरकार आणि दक्षिण आफ्रिका यांच्यात केपटाउन येथे एक करार झाला, पण तेथील भारतीयांवरची बंधने वाढतच गेली. १९४६ च्या जून महिन्यात दक्षिण आफ्रिकेच्या संसदेने एक कायदा करून भारतीयांनी जमीन कोठे घ्यावी आणि कोठे राहावे यावर कडक मर्यादा घातल्या. ‘घेट्टो कायदा’ हे त्याला तेथील भारतीयांनी दिलेले नाव. त्याच महिन्यात भारत सरकारने हा प्रश्न संयुक्त राष्ट्रसंघाकडे नेला, आणि त्याच सुमारास दक्षिण आफ्रिकेशी असलेला व्यापारही बंद केला. सप्टेंबरमध्ये दिल्लीत हंगामी सरकार आले, आणि न्यूयॉर्कला जाणाऱ्या शिष्टमंडळाचे नेतृत्व विजयालक्ष्मी पंडित यांच्याकडे देण्यात आले. शिष्टमंडळात मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एम. सी. छागला होते, के. पी. एस. मेनन होते, व्ही. के. कृष्ण मेनन होते. बहुतेक सगळे पदव्यांनी आणि अनुभवाने भारदस्त. ज्या स्त्रीच्या हाती नेतृत्व होते तिने मात्र महाविद्यालयाची पायरीही चढलेली नव्हती.

समोर होते फील्ड मार्शल यान स्मट्स. दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान, दोन महायुद्धांतील मुत्सद्दी आणि वरकडी म्हणजे संयुक्त राष्ट्रसंघाच्या ज्या सनदेच्या, म्हणजे मूळ कराराच्या, आधारे भारत तक्रार करत होता त्या सनदेच्या प्रस्तावनेचा पहिला मसुदा तयार करणारे गृहस्थ. त्यांचा युक्तिवाद कायद्याचा होता आणि तो कच्चा मुळीच नव्हता. सनदेच्या दुसऱ्या कलमातील सातवे उपकलम सांगते, की कोणत्याही देशाच्या अंतर्गत अधिकारकक्षेतील बाबींत संयुक्त राष्ट्रसंघाने हस्तक्षेप करू नये. दक्षिण आफ्रिकेतील भारतीय हे दक्षिण आफ्रिकेचेच रहिवासी आहेत, तेव्हा त्यांच्यासाठी कोणता कायदा करायचा हा आमचा घरचा प्रश्न आहे, आणि शंका असेल तर तो आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडे पाठवा, असे स्मट्स यांचे म्हणणे होते. वरवर पाहता ही सूचना समंजस वाटते. तिच्यातली खोच अशी, की प्रश्न न्यायालयात गेला असता तर तो कलमांच्या अर्थाचा वाद होऊन बसला असता आणि वंशभेद योग्य की अयोग्य यावर जगाला मत द्यावेच लागले नसते.

पंडित यांनी उत्तर दोन पायांवर उभे केले. पहिला पाय कायद्याचा : ज्या विषयावर दोन सरकारांनी आपसांत करार केले आहेत तो विषय केवळ एका देशाच्या घरातला राहत नाही. दुसरा नीतीचा : सनदेत वंशाचा भेद न करता मानवी हक्कांचा आदर करण्याचे वचन सर्व सदस्यांनी दिलेले आहे, आणि ते वचन पाळायचे नसेल तर सनदेला अर्थ उरत नाही. त्यांच्या भाषणाचा भर या दुसऱ्या मुद्द्यावर होता, आणि मला तो केवळ भावनिक डाव वाटत नाही. अवघ्या वर्षापूर्वी संपलेले महायुद्ध वंशश्रेष्ठत्वाच्या कल्पनेविरुद्ध लढले गेले, असे विजेते देश स्वतःच सांगत होते. त्यांना त्यांचेच शब्द ऐकवणे हा त्या सभागृहात सर्वांत अवघड जाणारा युक्तिवाद होता.

आता हिशेब. महत्त्वाच्या प्रश्नावरील ठरावाला आमसभेत साधे बहुमत पुरत नाही. हजर राहून मतदान करणाऱ्या देशांपैकी दोन तृतीयांश मते लागतात. जो देश तटस्थ राहतो त्याची गणना मतदान करणाऱ्यांत होत नाही. एखाद्या गृहनिर्माण सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत काही सभासद हात वर न करता बसून राहिले आणि केवळ वर आलेल्या हातांवरच निकाल लावायचा ठरला, तर त्या गप्प बसलेल्यांमुळेही निकाल बदलतो, तसाच हा प्रकार. ८ डिसेंबर १९४६ रोजी मतदान झाले. फ्रान्स आणि मेक्सिको यांनी मांडलेल्या ठरावाच्या बाजूने ३२ देश, विरोधात १५ आणि तटस्थ ७. मतदान करणारे ४७; त्यांचे दोन तृतीयांश म्हणजे ३१ पेक्षा किंचित अधिक; म्हणून किमान ३२ मते हवी होती, आणि नेमकी तेवढीच पडली. एक मत फिरले असते तरी ठराव पडला असता. तटस्थ राहिलेल्या सातांपैकी दोघांनी विरोधात मत दिले असते तरीही पडला असता.

ब्रिटन आणि अमेरिका यांनी विरोधात मत दिले होते. म्हणजे ज्या देशावर ब्रिटनचे राज्य होते त्या देशाच्या शिष्टमंडळाने ब्रिटनच्या विरोधात जाऊन, आणि जगातल्या सर्वांत बलाढ्य देशाच्या मदतीवाचून, काठावरची का होईना पण दोन तृतीयांश मते गोळा केली होती. ही मते भाषणांनी मिळतात तेवढीच, किंबहुना त्याहून अधिक, सभागृहाच्या बाहेरच्या मार्गिकांत, भोजनाच्या टेबलांवर आणि एकेका प्रतिनिधीला गाठून मिळतात. राजनैतिक काम म्हणतात ते हेच. ठराव अगदी सौम्य होता : भारतीयांना दिली जाणारी वागणूक उभय सरकारांतील करारांना आणि सनदेला धरून असावी आणि दोन्ही सरकारांनी पुढील अधिवेशनात अहवाल द्यावा, एवढेच त्यात म्हटले होते. दक्षिण आफ्रिकेने तो मानला नाही. दोन वर्षांनी, १९४८ साली, स्मट्स निवडणूक हरले आणि त्यांच्याहून कडव्या पक्षाने वर्णविद्वेषाचे धोरण उघडपणे राबवायला घेतले. त्या अर्थाने दक्षिण आफ्रिकेतील भारतीयांच्या हाती लगेच काहीच लागले नाही. परंतु वंशभेद हा एखाद्या देशाचा घरगुती मामला नाही, हे तत्त्व आमसभेच्या दप्तरी नोंदले गेले, आणि त्यानंतर हा विषय या ना त्या रूपाने आमसभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर येत राहिला, तो थेट १९९४ साली दक्षिण आफ्रिकेत सर्वांच्या मताधिकाराने सरकार आल्यावरच उतरला.

मतदान संपल्यावर पंडित स्वतः स्मट्स यांच्याजवळ गेल्या आणि वादाच्या भरात काही उणे-अधिक बोलले गेले असल्यास क्षमा असावी, असे म्हणाल्या. निघण्यापूर्वी गांधीजींनी त्यांना प्रतिपक्षाशी सौजन्य सोडू नका, असे बजावले होते. ही आठवण त्यांनी आत्मचरित्रात सांगितली आहे, आणि स्मट्स यांनी हा विजय पोकळ असल्याचे उत्तर दिले तेही लपवलेले नाही.

ही स्त्री तेथवर पोचली कशी, हे आता पाहता येईल. त्यांचा जन्म १८ ऑगस्ट १९०० रोजी अलाहाबादला झाला. वडील मोतीलाल नेहरू नामांकित वकील, घर आनंद भवन, थोरला भाऊ जवाहरलाल अकरा वर्षांनी मोठा. माहेरचे नाव स्वरूपकुमारी. शिक्षण घरीच, इंग्रज शिक्षिकेच्या हाताखाली झाले. मे १९२१ मध्ये त्यांचा विवाह रणजित सीताराम पंडित यांच्याशी झाला, आणि येथे मराठी वाचकाने थोडे थांबावे. रणजित हे काठेवाडात राजकोटला स्थायिक झालेल्या मराठी सारस्वत कुटुंबातले बॅरिस्टर; मूळ गाव कोकणातले बांबुळी. संस्कृतचा त्यांना गाढा व्यासंग होता आणि कल्हणाच्या राजतरंगिणीचे इंग्रजी भाषांतर त्यांनी तुरुंगवासात हाती घेऊन पुढे प्रसिद्ध केले. लग्नात नवरीचे नाव बदलण्याच्या आपल्याकडच्या रिवाजानुसार स्वरूपकुमारीच्या विजयालक्ष्मी झाल्या. जगाला जे नाव ठाऊक आहे ते अशा रीतीने सासरचे, मराठी घरातले आहे. त्यांना चंद्रलेखा, नयनतारा आणि रीटा अशा तीन मुली झाल्या. नयनतारा सहगल पुढे इंग्रजीतील नामवंत कादंबरीकार झाल्या.

स्वातंत्र्यलढ्यात त्यांनी तीनदा तुरुंगवास भोगला. पहिला १९३२ चा, लखनौच्या तुरुंगातला. त्याच काळात आपल्या नाशिक रोडच्या तुरुंगात जयप्रकाश नारायण आणि त्यांचे सहकारी काँग्रेस समाजवादी पक्षाची कल्पना घडवत होते. दोघांच्या वाटा पुढे फारशा जुळल्या नाहीत, पण पंचेचाळीस वर्षांनी एका निवडणुकीत त्या एकाच बाजूला आल्या. ते पुढे येईल.

१९३७ साली प्रांतिक निवडणुका झाल्या तेव्हा त्या कानपूर-बिल्हौर मतदारसंघातून संयुक्त प्रांताच्या विधानसभेवर निवडून आल्या आणि गोविंद वल्लभ पंत यांच्या मंत्रिमंडळात स्थानिक स्वराज्य व सार्वजनिक आरोग्य या खात्यांच्या मंत्री झाल्या. ब्रिटिश भारतात मंत्रिपदावर आलेल्या त्या पहिल्या महिला. ‘पहिल्या’ या शब्दापेक्षा खात्यांची नावे मला जास्त बोलकी वाटतात. नगरपालिका, पिण्याचे पाणी, साथीचे रोग असे हे काम होते. १९३८ साली हरिद्वारला कुंभमेळा भरला. हरिद्वार त्यांच्याच प्रांतात, आणि पटकी ही त्या काळच्या प्रत्येक मोठ्या मेळ्याची सर्वांत मोठी धास्ती. सिंहस्थाच्या आधी दोन-तीन वर्षे पाणी, मलनिस्सारण, रामकुंडावरील गर्दी आणि लसीकरण यांवरून प्रशासनाची काय धावपळ होते, हे नाशिककरांना सांगायला नको. रोगप्रतिबंधाची साधने तुटपुंजी असताना हीच जबाबदारी अंगावर घेणे कसे असेल याचा अंदाज त्यावरून बांधावा. १९३९ साली भारताला न विचारता युद्धात ओढल्याच्या निषेधार्थ काँग्रेसची प्रांतिक मंत्रिमंडळे बाहेर पडली, त्यात त्याही बाहेर पडल्या.

तुरुंगात प्रकृती ढासळलेले रणजित पंडित यांचे सुटकेनंतर जानेवारी १९४४ मध्ये निधन झाले. मृत्युपत्र नव्हते, मुलगा नव्हता. त्यानंतर घडले ते पुढच्या कायद्यांच्या संदर्भात समजून घेण्याजोगे आहे. एकत्र हिंदू कुटुंबाची मालमत्ता मिताक्षरा पद्धतीनुसार त्या काळी घरातील पुरुषांकडे वारसाहक्काने जात असे. १९३७ साली मुंबईचे डॉ. जी. व्ही. देशमुख यांच्या प्रयत्नाने झालेल्या कायद्याने विधवेला काही वाटा मिळाला, पण तो केवळ हयातीपुरता, विकता न येणारा. शेतजमिनीला तो कायदा लागू नव्हता आणि मुलींचा त्यात विचारच नव्हता. पतीच्या कुटुंबाच्या संपत्तीतून आपल्याला आणि तिन्ही मुलींना काहीही मिळाले नाही, असे पंडित यांनी लिहून ठेवले आहे. प्रांताची माजी मंत्री, मोतीलाल नेहरूंची मुलगी, स्वतः एका बॅरिस्टरची पत्नी. तिची ही गत, तर खेडेगावातल्या विधवेचे काय होत असेल? १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने विधवेला व मुलीला पूर्ण मालकी दिली, महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः वाटा दिला, आणि २००५ साली तोच नियम देशभर झाला. आज सातबाऱ्यावर मुलींची नावे लागतात किंवा हक्कसोडपत्रावर त्यांच्या सह्या मागितल्या जातात, त्यामागे ही सगळी वाटचाल आहे.

पती गेले त्याच वर्षाच्या, १९४४ च्या अखेरीस पंडित अमेरिकेला गेल्या. १९४५ साली सॅन फ्रान्सिस्कोत संयुक्त राष्ट्रसंघाची सनद ठरत होती तेव्हा भारताचे अधिकृत शिष्टमंडळ ब्रिटिश सरकारने नेमलेले होते. त्याचे प्रमुख होते रामस्वामी मुदलियार. पंडित यांना सभागृहात जागा नव्हती. त्यांनी बाहेर राहून सभा घेतल्या, पत्रकारांना भेटल्या, निवेदने दिली आणि आत बसलेले शिष्टमंडळ भारतीय जनतेचे प्रतिनिधी नाही हे सांगत राहिल्या. पुढच्याच वर्षी त्या अधिकृत प्रमुख म्हणून आत गेल्या तेव्हा तेथली बरीच माणसे त्यांना ओळखत होती. १९४६ च्या मतांची पेरणी खरे तर या बाहेर उभे राहण्याच्या काळात झाली असावी, असे मला वाटते.

स्वातंत्र्याच्या सुमारास त्या सोव्हिएत संघात भारताच्या पहिल्या राजदूत म्हणून रुजू झाल्या. राजदूत म्हणजे एका राष्ट्रप्रमुखाने दुसऱ्या राष्ट्रप्रमुखाकडे पाठवलेला अधिकृत प्रतिनिधी. तो अधिकारपत्रे सादर करतो आणि त्यानंतरच त्याचे बोलणे त्याच्या सरकारचे बोलणे मानले जाते. मॉस्कोतील काळ त्यांना फळला नाही. सुमारे दोन वर्षांत स्टालिन यांनी त्यांना एकदाही भेट दिली नाही. नव्याने स्वतंत्र झालेला भारत म्हणजे ब्रिटनच्याच छायेतला देश अशी तेव्हाची सोव्हिएत समजूत होती, आणि जग दोन छावण्यांत वाटले गेले आहे हा सिद्धान्त १९४७ च्या अखेरीस तेथे अधिकृतपणे मांडलाही गेला होता. दूतावासासाठी स्वीडनमधून मागवलेल्या सामानाच्या खर्चावरून मायदेशात टीकाही झाली. त्यांच्यानंतर गेलेल्या डॉ. राधाकृष्णन यांना स्टालिन भेटले, याचे श्रेय व्यक्तींना किती आणि बदललेल्या परिस्थितीला किती, हा वादाचा विषय आहे. मला परिस्थितीचे पारडे जड वाटते.

१९४९ ते १९५१ या काळात त्या अमेरिकेत राजदूत होत्या आणि मेक्सिकोचाही कार्यभार त्यांच्याकडे होता. येथील दोन गोष्टी नीट समजून घ्याव्यात. पहिली धान्याची. १९५० साली अवर्षणाने आणि पुराने पिके गेली आणि डिसेंबरमध्ये भारताने अमेरिकेकडे २० लाख टन धान्य मागितले. कोरियाच्या युद्धात भारत अमेरिकेच्या सुरात सूर मिळवत नाही, या रागापोटी अमेरिकी संसदेत ही मागणी सहा महिने रेंगाळली, आणि जून १९५१ मध्ये १९ कोटी डॉलरच्या कर्जाच्या रूपाने मंजूर झाली. मदत मागायची आणि धोरणही बदलायचे नाही, अशा दुहेरी कामात राजदूताची परीक्षा असते. दुसरी गोष्ट आजही समाजमाध्यमांवर अर्धवट फिरते : भारताला सुरक्षा परिषदेची कायम जागा मिळत होती आणि नेहरूंनी ती नाकारली. घडले ते असे, की ऑगस्ट १९५० मध्ये चीनला बाजूला करून त्या जागी भारताला बसवण्याचा विचार अमेरिकी परराष्ट्र खात्यात बोलला जात असल्याचे पंडित यांनी पत्राने कळवले, आणि नेहरूंनी तो विचार मान्य नसल्याचे उत्तर दिले. हा अधिकृत प्रस्ताव नव्हता, चाचपणी होती. शिवाय कायम सदस्यांची नावे सनदेतच लिहिलेली असल्याने ती बदलायची तर सनदेत दुरुस्ती हवी आणि तीस पाचही कायम सदस्यांची संमती हवी. सोव्हिएत संघ ती देण्याची शक्यता फारच कमी होती. नेहरूंचा निर्णय चूक की बरोबर यावर मतभेद होऊ शकतात, पण वाद घालताना एवढे तपशील तरी ठाऊक असावेत.

१९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत लखनौमधून त्या लोकसभेवर आल्या, आणि पुढच्या वर्षी आमसभेचे अध्यक्षपद आले. १९५३ च्या जुलैत कोरियात युद्धबंदी झाली होती आणि युद्धकैद्यांच्या प्रश्नात भारतावर मोठी जबाबदारी होती. मात्र ऑगस्टमध्ये कोरियाविषयीच्या राजकीय परिषदेत भारताला घेण्यास अमेरिकेने विरोध केला आणि भारताचे नाव मागे पडले. महिनाभरात, १५ सप्टेंबर १९५३ रोजी, आमसभेने आठव्या अधिवेशनासाठी अध्यक्ष निवडला. थायलंडचे राजपुत्र वान वैथयाकोन यांना २२ मते पडली, पंडित यांना ३७. अध्यक्षाचे काम आपल्या विधानसभेच्या अध्यक्षासारखेच : कोणाला बोलू द्यायचे ते ठरवणे, नियमांचा अर्थ लावणे, शिस्त राखणे. तो स्वतः मत देत नाही आणि मुदत एका अधिवेशनापुरतीच असते. म्हणजे सत्ता अशी फारशी नाही. शीतयुद्धात एकमेकांचे तोंड न पाहणाऱ्या दोन्ही गटांनी आपला निवाडा मान्य करावा, इतकी निःपक्षपातीपणाची साख मात्र लागते. त्यांच्यानंतर या खुर्चीवर दुसरी स्त्री यायला सोळा वर्षे लागली. १९६९ साली लायबेरियाच्या अँजी ब्रूक्स निवडून आल्या.

१९५४ ते १९६१ त्या लंडनमध्ये भारताच्या उच्चायुक्त होत्या. राष्ट्रकुलातील देश एकमेकांकडे राजदूताऐवजी उच्चायुक्त पाठवतात, काम तेच. त्यांच्याआधी ही जबाबदारी मुंबई राज्याचे पहिले मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्याकडे होती. १९५६ साली सुवेझ कालव्यावरून ब्रिटनने इजिप्तवर हल्ला केला तेव्हा भारताने त्याचा निषेध केला, आणि तो निषेध लंडनमध्येच राहून, संबंध न तोडता पोचवण्याचे काम त्यांच्याकडे आले.

या सगळ्या नेमणुका नेहरू पंतप्रधान असताना झाल्या, तेव्हा भावामुळे पदे मिळाली हा आक्षेप त्या काळीही घेतला गेला आणि तो केवळ मत्सरापोटी घेतला गेला असे म्हणता येणार नाही. आनंद भवनात जन्म झाला नसता तर मॉस्को, वॉशिंग्टन, लंडन ही तिन्ही शहरे एका माणसाच्या वाट्याला येणे अवघडच होते. मात्र १९३७ साली जवाहरलाल कोणत्याही सरकारात नव्हते, आणि आमसभेतील ३२ किंवा ३७ मते दिल्लीहून बढतीसारखी देता येत नाहीत. दार घराण्याने उघडले. आतले काम त्यांचे स्वतःचे होते.

महाराष्ट्राशी त्यांचा थेट संबंध १९६२ च्या अखेरीस आला. चीनच्या आक्रमणानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले (नाशिकच्या मतदारांनी त्यांना पुढे पोटनिवडणुकीत बिनविरोध लोकसभेवर पाठवले, हे येथे जुन्या पिढीला चांगले आठवते), मारोतराव कन्नमवार मुख्यमंत्री झाले, आणि त्याच सुमारास विजयालक्ष्मी पंडित महाराष्ट्राच्या राज्यपाल म्हणून आल्या. सासरच्या मुलखात त्या पहिल्यांदाच पदावर आल्या होत्या. राज्यपाल हा घटनात्मक प्रमुख. एरवी तो मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतो, पण मुख्यमंत्री पदावर असताना दिवंगत झाला तर नवे सरकार सुरळीत येईपर्यंत त्याची भूमिका मोलाची ठरते. नोव्हेंबर १९६३ मध्ये कन्नमवारांचे निधन झाले. आधी काही दिवस बाळासाहेब सावंत आणि मग ५ डिसेंबरला वसंतराव नाईक, असा बदल त्यांच्या कारकिर्दीत झाला. राज्यपाल या नात्याने त्या पुणे विद्यापीठाच्या कुलपतीही होत्या, आणि नाशिकची महाविद्यालये तेव्हा त्याच विद्यापीठाला जोडलेली होती; त्या दोन वर्षांत येथून पदवीधर झालेल्यांच्या त्या कुलपती.

मे १९६४ मध्ये नेहरू गेले. त्यांच्या फुलपूर मतदारसंघातील पोटनिवडणूक लढवण्यासाठी पंडित यांनी राज्यपालपद सोडले, निवडून आल्या, १९६७ साली पुन्हा निवडून आल्या आणि १९६८ साली राजीनामा देऊन डेहराडूनला राहायला गेल्या. भाची इंदिरा गांधी पंतप्रधान झाल्यानंतर त्यांना महत्त्वाचे पद मिळाले नाही. घराण्याचा हिशेब मांडणाऱ्यांनी ही नोंदही धरावी.

जून १९७५ मध्ये आणीबाणी आली. फेब्रुवारी १९७७ मध्ये, वयाच्या ७६ व्या वर्षी, त्या निवृत्तीतून बाहेर आल्या आणि काँग्रेसच्या विरोधात, जयप्रकाशांच्या प्रेरणेने एकत्र आलेल्या पक्षांच्या बाजूने प्रचाराला उभ्या राहिल्या. आयुष्यभर ज्या पक्षात काढले तो पक्ष आणि सख्ख्या भावाची मुलगी, दोन्हींविरुद्ध जाहीर सभांत बोलायचे होते. आक्षेप व्यक्तीवर नव्हता. न्यायालये, वृत्तपत्रे आणि नागरिकांचे हक्क बाजूला सारले जाण्यावर होता. काँग्रेस हरली. त्याच वर्षी राष्ट्रपतिपदासाठी त्यांच्या नावाची चर्चा झाली, परंतु नीलम संजीव रेड्डी बिनविरोध निवडून आले. नव्या सरकारने संयुक्त राष्ट्रसंघाच्या मानवी हक्क आयोगावर भारताच्या प्रतिनिधी म्हणून त्यांना पाठवले, आणि १९७९ साली त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. १ डिसेंबर १९९० रोजी डेहराडूनला त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी फेब्रुवारीत नेल्सन मंडेला सत्तावीस वर्षांच्या तुरुंगवासातून सुटले होते आणि ऑक्टोबरमध्ये भारतात येऊनही गेले होते.